ठकीची जाऊ

(कर्जतमधला एक दवाखाना. पळसदरीच्या सोनुबाई आणि त्यांचा मुलगा विपुल मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर नम्रता यांच्यासमोर.)

डॉक्टर : ...मग जावेचं टोचून बोलणं कमी झालं का?

विपुल : जाऊ? कुणाची जाऊ?

डॉक्टर : आईंची. धाकटी. आम्ही चार वेळा बसलो, तिच्याबद्दलच बोललो.

विपुल : मॅडम, आमचे बाबा एकुलते एक. आईला जाऊच नाही.

डॉक्टर : सोनुबाई?

सोनुबाई : ठकीला हाय.

विपुल : आई!

सोनुबाई : आरडू नको रं. तू रजा टाकून आणतोस, मला आत बसवून भाईर जातोस. बाई माज्या तोंडाकडं बघत्यात. गप कशी बसू? शेजारच्या ठकीचं सांगितलं.

डॉक्टर : आणि मी सुचवलेले उपाय?

सोनुबाई : घरी जाऊन ठकीला सांगत व्हते. गुण आला ना तिला! जावंला तोंडावर उत्तर देते आता.

डॉक्टर : हसू नका विपुल, मलाही येतंय. सोनुबाई, आणि तुमचं काय?

सोनुबाई : माजं काय. डोळा लागत नाय, छाती धडधडते. परवा लावणीला उतरले तर हात चालंनात. रोपांची जुडी धरून नुसती उभी. बाया पुढं गेल्या.

विपुल : हे मला बोलली नाहीस.

डॉक्टर : स्पष्ट विचारते. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?

सोनुबाई : नाय वो. जगायचं हाय. पन असं नाय.

डॉक्टर : मग चूक माझी. पहिल्याच दिवशी विपुल म्हणाले, गोळ्या नकोत, नुसतं बोला. मी मान डोलावली. तुम्हाला विचारलंच नाही. आज विचारते, तुम्हाला काय हवंय?

सोनुबाई : मला?

डॉक्टर : तुम्हालाच.

सोनुबाई : गोळी. घरातलं भाईर सांगायचं माज्यानं होत नाय. उलट जास्तीच जड वाटतं. बीपीची घेते तशी ही घेईन.

विपुल : पण सवय लागली तर? माणूस गुंगीत राहतो म्हणे.

डॉक्टर : या गोळीची नशेसारखी सवय लागत नाही. गुण यायला दोन-चार आठवडे लागतील. आधी थोडं मळमळेल. मात्र मनानं बंद करायची नाही, कमी करायची ती माझ्या सांगण्यावरून. नाही मानवली तर बदलू.

सोनुबाई : आन् बोलायचं नाय ना?

डॉक्टर : गोळी मानवते का आणि जिवाला कसं वाटतं, एवढंच सांगायचं. खरं खरं.

सोनुबाई : तेवडं सांगीन.

विपुल : मला भीती वाटली गं. वाटलं, गोळ्या सुरू झाल्या की तू आमची राहणार नाहीस.

सोनुबाई : ठावं हाय रं. म्हनून तर चार खेपा ठकीचं सांगत बसले. हुश्श! सुटले बाय एकदाची.

डॉक्टर : ही चिठ्ठी. दोन आठवड्यांनी या.

सोनुबाई : बाई, माजा येळ किती उरला?

डॉक्टर : वीस मिनिटं. का हो?

सोनुबाई : ठकी भाईर बाकड्यावर बसलीय. तिला गोळी नको, बोलायचंच हाय. आता तिचं ती सांगंल.