मानपत्राची शाई

(चांदा जिल्ह्यातलं मूल गाव, १९५७. शाळेच्या ओसरीवर गुणवंत मास्तर. समोर, नुकत्याच लिहून झालेल्या मानपत्रावर वाकलेली सोमाजीची आई, सुगंधाबाई.)

सुगंधाबाई : मंग यातलं माह्या सोमाचं नाव म्हंजे हे काळंवालं, नाई का?

गुणवंत : नाई मावशी. सोमाचं वरती आहे. हे, मोठ्या अक्षरातलं.

सुगंधाबाई : ते तं निळं हाये.

गुणवंत : सगळंच निळं आहे. ऐका. "श्री. सोमाजी निकुरे यांना हिरड्यातील तुरट द्रव्यावरील रसायनशास्त्रीय संशोधनाबद्दल सुवर्णपदक मिळाले, त्याप्रीत्यर्थ मूलच्या नागरिकांकडून सादर." पुढं चार ओळी कौतुकाच्या.

सुगंधाबाई : अन् खालचं एकच काळं कोणाचं?

गुणवंत : ते लिहिणाऱ्याचं. म्हणजे माझं. तशी पद्धत असते.

सुगंधाबाई : गुणवंता, मले वाचता येत नाई. पण हिरड्याची शाई वळखतो मी. हिरडे वेचता वेचताच बुढी झालो. निळी कायची हाये?

गुणवंत : गोळीची. पाण्यात टाकली का झाली शाई.

सुगंधाबाई : मी हे दारासमोरच्या भिंतीवर लावीन म्हणतो. सकाळचं ऊन पडते तिथी.

गुणवंत : लावा न.

सुगंधाबाई : दोन उन्हाळे गेल्यावर काय राहीन त्यावर?

गुणवंत : काय म्हणजे?

सुगंधाबाई : माही नात, आशी, तुह्याच वर्गात हाये. तिनं घरी येऊन सांगतलं, गुरुजीनं दोन कागद उन्हात ठेवले होते. गोळीचा कोरा झाला, हिरड्याचा तसाच राह्यला. सगळ्या पोट्ट्यायले हात लावू लावू दाखवला म्हणे.

गुणवंत : हिरड्याची शाई संपली होती, मावशी.

सुगंधाबाई : या बाटलीत काय हाये मंग? गळ्यापर्यंत भरली हाये.

गुणवंत : बाटली राहू द्या, मावशी.

सुगंधाबाई : कोऱ्या कागदावर एकटं तुहं नाव. माह्या घरात. माह्या भिंतीवर.

गुणवंत : तुम्हाले आठवते? आम्ही लहान होतो, सोमाले खोकला झाला होता. तुम्ही हिरडा कढवला. मडकं फुटलं होतं, म्हणून लोखंडी कढईत.

सुगंधाबाई : आठवते. पाणी काळंभोर झालं. फेकून देत होतो मी.

गुणवंत : "काऊन काळं झालं" असं कोणी विचारलं?

सुगंधाबाई : तू.

गुणवंत : अन् सोमा काय करत होता?

सुगंधाबाई : तोंड वाकडं करत होता. प्याचं नव्हतं त्याले.

गुणवंत : तेच म्हणतो मी. प्रश्न माझा होता. पदक त्याले.

सुगंधाबाई : तूबी तं गेला होता नागपूरले शिकाले. त्याच्यासंगच.

गुणवंत : गेलो होतो. खानावळीचं पाणचट वरण पंधरा दिवस खाल्लं अन् परत आलो. इथी मास्तरकी मिळाली, आईच्या हातचं जेवण मिळालं. त्यानं तेच वरण अकरा वर्षं खाल्लं.

सुगंधाबाई : मंग पदक वरणाचंच म्हण न.

गुणवंत : हसा तुम्ही. अन् वरतून हा चिठ्ठी धाडतो, मानपत्र गुणवंताच्याच हातचं पाहिजे. उपकार करतो का माझ्यावर?

सुगंधाबाई : तुहं अक्षर चांगलं हाये.

गुणवंत : हो. तेवढंच हाये माझ्याजवळ.

सुगंधाबाई : त्याले पहिल्यापासून वाटते, तुह्यासारखं अक्षर पाहिजे होतं. पाटी पुसून पुसून लिव्हे. तुले नाई ठाऊक?

गुणवंत : त्यानं कधी सांगितलं नाई.

सुगंधाबाई : तू तरी कुठी सांगतलं त्याले काई? जाऊ दे. मी कोणाजवळ बोलणार नाई. चार वाजता मंडळी येतीन, हे मानपत्र चांद्याले घेऊन जातीन, तिथी सभेत सोमाले देतीन. फक्त एक कर. सोमाचं नाव कुठून कुठवर हाये, ते माह्यं बोट धरून दाखव.

गुणवंत : कशाले?

सुगंधाबाई : पाहून ठेवतो. पुसून गेलं तं जागा तं ठाऊक राहीन.

गुणवंत : ...मावशी, बोट काढा.

सुगंधाबाई : काऊन?

गुणवंत : तो दुसरा कोरा कागद द्या इकडं. अन् बाटली.

सुगंधाबाई : चार वाजत आले.

गुणवंत : बसतील थोडं. इथं, या कोपऱ्यावर हात ठेवा, कागद उडते. हं. श्री... सोमाजी... हे पाहा, इथून इथवर त्याचं नाव.

सुगंधाबाई : फिक्कं दिसते रे. चहाच्या डागासारखं.

गुणवंत : ओलं आहे. वाळलं का काळं होत जाते. मग नाई जात.

सुगंधाबाई : ठेवतो मी हात. लिव्ह तू.

गुणवंत : ...मूलच्या नागरिकांकडून सादर. झालं.

सुगंधाबाई : खाली तुहं नाव नाई लिव्हलं.

गुणवंत : दोन्ही दौती उघड्या आहेत, मावशी. कोणत्या शाईनं लिहू?

सुगंधाबाई : मले काय इचारतं बाबू? मले वाचता येते काय.