ट्रंकेतली कौदी

मल्लव्वा : ...तसं न्हवं बाई, नीट सांगा की. आपली तुकड्यांची गोधडी, ती कौदी, भितीला टांगली का खाली आंथरली? गल्लीतल्या बाया रोज इचारत्यात मला.

दाक्षायणीबाई : मल्लव्वा, तुम्ही जरा बसा. चन्नम्मा कुठं आहे?

मल्लव्वा : नळावर गेलीया, यील. तुमी तितनं येऊन शाळंत सांगितल्यापासनं माझी पोरगी हवंत हाय. साऱ्या जगातल्या गाइड पोरी जमत्यात त्या डोंगरातल्या घरात, अन् तितं तिच्या अव्वानं, म्हंजी मी, शिवलेली कौदी हाय म्हणून सांगत सुटलीया. सुईझरलँड का काय ते, तेवढं नाव मलाबी पाठ झालं बगा.

दाक्षायणीबाई : ती तिथं नाही.

मल्लव्वा : काय न्हाय?

दाक्षायणीबाई : कौदी. या पिशवीत आहे. घ्या.

मल्लव्वा : शिवा शिवा! व्हय की, आपलीच. परत दिली व्हय त्यांनी? आवडली न्हाय?

दाक्षायणीबाई : त्यांनी पाहिलीच नाही. मी ट्रंकेतून काढलीच नाही.

मल्लव्वा : बाई, शाळंतल्या बावीस गाइड पोरींच्या घरनं तुकडं आणलं होतं. दोन म्हैने मी सुई घेऊन बसले.

दाक्षायणीबाई : माहीत आहे. भेटी द्यायचा दिवस होता. एकीनं चांदीचा दिवा आणलेला, एकीनं कोरलेली खुर्ची. माझी पाळी यायच्या आधी मी वर गेले, ट्रंक उघडली. वर तुमच्या गल्लीतल्या येडूच्या लेकीच्या परकराचा तुकडा दिसला, तो विटलेला. अन् मी झाकण लावलं.

मल्लव्वा : चिंध्या दिसल्या तुमास्नी.

दाक्षायणीबाई : हो.

मल्लव्वा : कोण हसलं का तितं?

दाक्षायणीबाई : कोणी नाही. कोणी काही बोललं असतं तर आज तुम्हाला सांगायला बरं पडलं असतं. खाली येऊन मी म्हटलं, आमची भेट बोटीवर राहिली.

मल्लव्वा : आन् त्यांनी मानलं?

दाक्षायणीबाई : गाइडचा शब्द होता ना, गाइड खोटं बोलत नाही. घर सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, राहू दे, कशी होती ते तरी सांग. मग मी सांगितलं. कुठला तुकडा कुणाचा, मधली पिवळी चौकट कशी, कडेचे टाके किती बारीक. मुली आपल्या खुर्च्या सोडून माझ्यापुढं जमिनीवर येऊन बसल्या. एक जण म्हणाली, सगळ्या भेटींत हीच चांगली. आणि ती वर होती, मल्लव्वा. बारा पायऱ्या वर. तेव्हा आणली असती तर खोटं उघडं पडलं असतं.

मल्लव्वा : आन् हितं येऊन आमालाबी खोटंच.

दाक्षायणीबाई : मुलींनी मला बंदरावरून आल्या आल्या घेरलं. पहिला प्रश्न कौदीचाच. तिथं देऊन आले, असं तोंडातून निघून गेलं.

मल्लव्वा : मग आजच कसं आला?

दाक्षायणीबाई : काल तिथून पत्र आलं. बोटीवर शोध लागला का म्हणून विचारलंय. कौदीसाठी जिन्याजवळची भिंत मोकळी ठेवलीय.

मल्लव्वा : कुणाला दावू मी आता तोंड? ज्या बायांनी तुकडं दिलं त्यास्नी काय सांगू? तुमची लाज तुमी आणून माझ्या दारात ठिवली, बाई.

दाक्षायणीबाई : तुम्ही कुणाला सांगू नका. शनिवारी गाइडच्या तासाला मुलींपुढं मीच सांगेन. आणि कौदी टपालानं तिथं धाडेन, तुम्ही हो म्हणालात तर.

मल्लव्वा : माझ्या एकलीची हाय व्हय ती? शनिवारी पोरींस्नीच इचारा.

(चन्नम्मा पाण्याची घागर घेऊन दारात उभी आहे.)

दाक्षायणीबाई : चन्नम्मा... कधी आलीस?

चन्नम्मा : मगाशीच. घागर खाली ठिवायची राहिली.

मल्लव्वा : ठेव ती. आन् आत जा.

चन्नम्मा : थांब, अव्वा. बाई, त्या पत्राला तुमी उत्तर काय लिवणार?

दाक्षायणीबाई : खरं ते.

चन्नम्मा : बोटीत सापडली म्हणून लिवा की. आमी कुणालाच सांगणार न्हाय. बावीसजणी शपथ घिऊ.

दाक्षायणीबाई : नको गं. असं बोलू नको.

चन्नम्मा : मग त्या मेमसाब तुमाला वाईट म्हणतील.

दाक्षायणीबाई : म्हणू देत.

मल्लव्वा : बाई, डोळं पुसा. पोरीसमोर न्हाय.

दाक्षायणीबाई : चन्नम्मा, शनिवारी मी सांगायला उभी राहीन तेव्हा... तू माझ्याशेजारी थांबशील?

चन्नम्मा : न्हाय, बाई. मी पोरींच्यात बसीन.