आधी वरचा बोल्ट

रूढी टिकते आणि तिचं कारण काळाच्या ओघात हरवतं, असं मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवत आलो. या विधानात दुरुस्ती करावी लागली ती अमेरिकेत, चँडलरला, जावयाच्या गॅरेजमध्ये.

दसऱ्याच्या सकाळी निखिल आपल्या स्पोर्ट्स कारचं गिअर ऑइल स्वतः बदलत होता. संध्याकाळी पूजा करून, चाकांखाली लिंबं ठेवून माझ्या नातीला फेरी मारून आणायचं, असं त्याने तिला कबूल केलं होतं. शेजारचे भिडेकाका डोकावले आणि म्हणाले, "आधी वरचा बोल्ट सैल कर, मग खालचा."

"का, काका?"

"अरे, तशी पद्धत आहे."

"म्हणजे अंधश्रद्धाच की!" असं हसत निखिलने खालचा बोल्ट काढला. जुनं तेल सगळं वाहून गेलं. नवं तेल ज्या भोकातून भरायचं, तिथला वरचा बोल्ट मात्र काही केल्या हलेना, आणि तेलाशिवाय गाडी चालवता येईना.

"निखिलराव, पद्धतीचं कारण सापडलं वाटतं," मी म्हणालो.

"बाबा, प्लीज. आत्ता नको."

संध्याकाळी आम्ही तिघांनी ती गाडी ढकलत लिंबांवरून नेली. नात आतून "फास्टर, आजोबा!" म्हणून ओरडत होती. ही पद्धत कुठे शिकलात, असं मी भिडेकाकांना विचारलं, तेव्हा "जाऊ दे, जुनी गोष्ट आहे," म्हणत ते चिरडलेली लिंबं गोळा करू लागले.

पुढच्या आठवड्यात निखिल सनीव्हेलच्या मित्राला फोनवर बजावत होता, "यार, आधी वरचा बोल्ट, मग खालचा."

मित्राने कारण विचारलं असावं. निखिलने माझ्याकडे चोरून पाहिलं.

"अरे, तशी पद्धत आहे."