अव्वाला वाळू दाखवायची

“‘वाळूत शिरायच्या आधी टायरातली हवा कमी करायची.’ अप्पा सांगायचे, आठवतंय का विरेश?”

डोळ्यांच्या दवाखान्यात मी सोमवारचा जप करत बसले होते. शेजारी ही बहीण आणि तिचा भाऊ. त्यांची आई, अव्वा, आत तपासणीला गेली होती.

“अप्पांनी तीस वर्षं राजस्थानला ट्रक नेला, शिवलीला. तू शेजारच्या कुंभारीच्या पुढं तरी गाडी नेलीस का कदी?”

“म्हणून तर सोपं ठरवलंय. पुण्यावरनं विमानानं जोधपूर, पुढं भाड्याची जीप. वाळूतल्या एका गावाजवळच तंबू टाकायचा, शनिवारची एकच रात्र.”

“मे महिन्यात? अव्वा भाजून निघंल की.”

“दुपारी गावात सावलीला थांबू. पाणी माणशी दहा लिटर घेऊ. ऊन उतरल्यावर वाळूवर.”

“दिवाळीनंतर जाऊ. तवा थंडी असती.”

“दिवाळीनंतर अव्वाला दिसणार हाय का?”

माझ्या हातातली माळ थांबली.

“डॉक्टर तसं म्हणाले?”

“परवाच. तिला अजून सांगितलं न्हाई.”

विरेशनं तपासणीच्या दाराकडं पाहिलं.

“अप्पा जाताना तुझा हात धरून काय म्हणाले होते?”

“‘अव्वाला एकदा वाळूवरच्या चांदण्या दाखव’ म्हणाले.”

“आणि तू?”

“व्हय म्हणालो.”

विरेश उठला आणि जिना उतरून गेला. थोड्या वेळानं डोळ्यांत थेंब घातलेली अव्वा भिंतीला धरून बाहेर आली.

“विरेश कुटं गेला गं?”

“कारखान्यात, सुट्टी मागायला.”

“का गं? बरं न्हाई व्हय त्याला?”