दमेकरी कोंबडी

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक बाई शालीत गुंडाळलेली कोंबडी घेऊन बसल्या होत्या. पलीकडे कुत्रेवाले काका.

“काय झालंय हिला?”

“जुना दमा, काका. अंडी कधीच बंद झाली.”

“मग ठेवलीत कशाला?”

“हळू बोला, ऐकते ती! सासूबाईंनी बजावलं होतं, अंडं नाही तर सुरी. म्हणून रोज दुकानातलं एक अंडं मी गुपचूप तिच्याखाली सरकवते.”

“म्हणजे वाचली!”

“वाचली कसली! आज दोन निघाली. एक उकडलेलं.”

“आँ?”

“आमच्या ह्यांना स्वयंपाकघरातलं काही कळतं का!”

“आणि सासूबाई?”

“त्यांनी सोललं, मीठ लावून खाल्लं आणि म्हणाल्या, ‘ताप चढलाय गं पोरीला, आधी डॉक्टरकडे ने.’”