आरतीला वन्स मोअर

महाराजांच्या राज्यात कोल्हापूरला नाटकाचं येड कसलं होतं, इचारू नका. मी तवा गणपतीच्या देवळात सनई वाजवायचो. एका संध्याकाळी काय सुचलं कुणास ठाऊक, आरतीला मी नाटकातल्या पदाची चाल धरली. पुजारी बापूभट आधी गडबडले, पण शब्द चालीत बरोबर बसले, मग तेबी रंगात आले. आरती संपली आणि मागनं कोणतरी थेटरात वरडल्यागत वरडलं, "वन्स मोअर!" झालं! सगळं देऊळच वरडायला लागलं. बापूभटांनी आरती तीनदा म्हटली. शेवटी निरांजनातलं तूप संपलं, तवा लोक थांबले.

गर्दी पांगल्यावर बापूभटांनी मला गाठलं. "हुसेन, देवळाचं थेटर केलंस! उद्यापासून येऊ नकोस."

घरात खाणारी सात तोंडं. गुमान सनई फडक्यात गुंडाळली आणि पायऱ्या उतरलो, तर मागनं हाक आली.

"हुसेन, थांब. ते वन्स मोअर तुझ्या सनईला होतं, की माझ्या आवाजाला?"

"तुमच्या आवाजाला की, भटजी!"

बापूभटांनी इकडंतिकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "उद्या जरा वरच्या पट्टीत धर."