भाऊ बोलन, तुमी मागं उभे राहा

नाही पोरी, तुझे कालेजचे प्रश्न मागून – पहिले मले सांग, तुमचे प्रोफेसर उद्या तुमसरले येऊन राहिले का नाही? मी त्याले जीवनभाऊच म्हणतो, प्रोफेसर म्हणाले जीभ वळत नाही. परीक्षा हाय? परीक्षा पोरांची, त्याची हाय का? – म्या, ह्या मंगरूनं, सारी जवानी त्याच्या मोटरसायकलवर मागं लाल झेंडा धरून काढली. बोलाचं त्यानंच. आमाले बजावलं होतं – सायबापुढं एकट्यानं तोंड उघडाचं नाही, सायब माणूस फोडते. मी बोलतो, तुमी मागं उभे राहा. राहिलो बापा. मंग जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, खाणीच्या युनियनचे अर्धे लोक गोंदियाकडं गेले, भाऊ इलेक्शनात पडला – अन् गेला नागपूरले शिकाले, केस पांढरे व्हाच्या वयात. आता अर्थशास्त्र शिकवते. शिकव ना, कोण नाही म्हणते.

पण ठेकेदारानं भावनाले – माही सून ते – अन् तिच्यासंगच्या बायांले खाणीवरून काढलं त्याचं काय? मागच्या हप्त्यात लेबर ऑफिसरनं बोलावलं. भला माणूस, चहा पाजला. म्हणे, बोला. आमी सारे हात बांधून उभे, दरवाजाकडं पाहून राहिलो – जसा भाऊ आताच येते. कोणी बोललंच नाही. सायबानं लिहून टाकलं, तक्रार नाही. हसू नको. सायबानं उद्या आणखी एकडाव बोलावलं, तोच आखरी मौका हाय.

भाऊले सांगावा धाडला का म्हणतं तू? मी सोता गेलो नागपूरले. वर्गात मागच्या बाकावर बसलो. फळ्यापुढं तो आमच्या खाणीचंच शिकवून राहिला होता, पोरं लिहून घेत होते. इतकं बेस बोलला, का सभेत वाजवतो तशी म्या टाळी वाजवली. एकट्यानंच. साऱ्यांनी मागं वळून पाहिलं. त्यानंबी पाहिलं – अन् पुढचं सांगाले लागला. ओळखलं नसन. चष्मा लागला आता त्याले. – मी उठून आलो. घरी सांगितलं, भाऊ भेटला, येतो म्हणे. काय करू मंग? भावना आस लावून बसली.

मीच बोलू म्हणतं तू? सायबापुढं? सोपं हाय का ते – सायब, ह्या बाया – ह्या बाया, सायब –

जाय तू पोरी, यष्टी निघून जाईन. अन् जाता जाता चुलीपाशी भावना हाय, तिले सांग, भाऊ येत नाही. तूच सांग. मले नाही बोलता येत.